रंग अडवणारा पुठ्ठा, ऊन अडवणारी अक्षरं

(पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर धरून) हा बघा, स्टेन्सिलचा पुठ्ठा: यात अक्षर कापायचं आणि त्या भोकातून भिंतीवर रंग उडवायचा. यात मी 'व' कापलाय. पण 'व'चं पोट कुठंय? गळून पडलं, टेबलाखाली असेल. आतला बंद तुकडा अधांतरी राहत नाही, त्याला धरायला एक बारीक पट्टी न कापता सोडावी लागते. भिंतीवर स्टेन्सिलची अक्षरं मध्येच तुटलेली दिसतात ना, ती याच पट्टीमुळे. अनेकांना ती फॅशन वाटते.

थोडक्यात, स्टेन्सिल रंग लावत नाही, अडवते. लावायचं काम स्प्रेचा डबा करतो, तेही काही सेकंदांत. खरी मेहनत घरी ब्लेड घेऊन आधीच झालेली असते. चोरून रंगवणाऱ्याला आणखी काय हवं!

हे पॅरिसच्या झाव्हिए प्रूनं बरोबर हेरलं. रस्त्यावरचं नाव ब्लेक ल रा. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला गेला, तिथली ग्राफिटी, म्हणजे भिंतींवर स्प्रेनं रंगवलेली अक्षरं, पाहून भारावला, पण त्या अमेरिकन अक्षरांची नक्कल त्याला करायची नव्हती. लहानपणी इटलीत एका भिंतीवर मुसोलिनीचं डोकं पाहिलं होतं, स्टेन्सिलनं छापलेलं. फॅसिस्टांच्या प्रचाराचं तेच तंत्र त्यानं उचललं आणि १९८१ पासून पॅरिसच्या भिंतींवर काळे उंदीर सोडले. पुढे माणसाएवढ्या आकृत्या आल्या. बँक्सी या ब्रिटिश स्ट्रीट आर्टिस्टच्या उंदरांवर फिदा असाल तर आधी हे उंदीर बघा.

१९९१ मध्ये मात्र तो पकडला गेला. भिंतीवर काय रंगवत होता? जुना इटालियन चित्रकार कारावाज्जो, त्याच्या चित्रातली मदर मेरी आणि बाळ! त्यानंतर तो स्टुडिओतच कागदावर स्टेन्सिल मारायला लागला, रस्त्यावर फक्त खळ लावून चिकटवायचं. काम झटपट, शिक्षेची भीतीही कमी. शहाणपणाचं आहे, पण मला जरा खटकतं. खडबडीत भिंतीवर उडालेल्या रंगाची मजा कागदात नाही.

आता दिल्ली, लोधी कॉलनी. इथे डाकू या नावानं काम करणाऱ्या कलाकाराची एक भिंत आहे, आणि तिच्यावर शब्द रंगवलेलेच नाहीत. अक्षरं भिंतीतून काटकोनात बाहेर आलेली आहेत. ऊन पडलं की त्यांच्या सावल्या भिंतीवर उतरतात आणि शब्द वाचता येतात. सूर्य सरकतो तसे शब्द लांबतात, तिरके होतात, मावळतीला पुसले जातात. विषय काळाचाच आहे. असाच सावल्यांचा खेळ त्यानं पणजीतही केला, तिथे शब्द थेट रस्त्यावर पडायचे.

लोक याला इन्स्टॉलेशन, म्हणजे जागेतच मांडलेली कलाकृती, म्हणतात, बरोबरच आहे. पण माझ्या लेखी ही स्टेन्सिलच: पुठ्ठा रंग अडवतो, ही अक्षरं ऊन अडवतात. फक्त इथे स्प्रेचा डबा आपल्या हातात नाही. म्हणून लोधी कॉलनीला जाणार असाल तर ढगाळ दिवस टाळा, आणि एकच फोटो काढून निघू नका. तासाभरानं पुन्हा त्याच जागी उभे राहून दुसरा काढा.