रक्तातली चमचाभर साखर

श्रोतेहो, नमस्कार.

"गोडाला हात लावत नाही, कॉफीसुद्धा बिनसाखरेची पितो, तरी शुगर वाढलेलीच!" टाइप टू मधुमेह असलेल्यांकडून ही तक्रार हमखास ऐकू येते. ती खोटी नसते. आपण साखर जिभेवर शोधतो, घोटाळा तिथेच होतो.

एक हिशेब करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी शुगर १०० आली, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम. गुणाकार केलात तर सगळ्या रक्तात मिळून साखर भरते अवघी ५ ग्रॅम. एक छोटा चमचा! आता ताटात दीडशे ग्रॅम शिजलेला भात वाढून घ्या. त्यात सुमारे ४० ग्रॅम पिष्ट असतं, आणि पचल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं. म्हणजे जिथे एक चमचा मावतो, तिथे आठ चमचे येऊन थडकतात. बटाटा, ब्रेड यांचंही तेच. गोड लागत नाहीत, इतकंच.

ही आवक पेशींमध्ये पोहोचवायचं काम इन्सुलिनचं. टाइप टूमध्ये पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, आणि ते बनवणारं स्वादुपिंडही हळूहळू कमी पडू लागतं. मग साखर रक्तातच रेंगाळते.

कोणता पदार्थ साखर किती झपाट्याने चढवतो हे मोजायला १९८१ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक इंडेक्स मांडला. शुद्ध ग्लुकोज १००. ५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे जास्त. पण हे तक्ते पाठ करत बसू नका, असं माझं मत. काही तक्त्यांत कलिंगड सत्तरीच्या पुढे दिसतं आणि लोक घाबरून ते सोडतात. अहो, १०० ग्रॅम कलिंगडात पिष्ट-शर्करा मिळून जेमतेम ८ ग्रॅम! किती खाल्लं, हे विचारल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

त्यापेक्षा घरचं ग्लुकोमीटर बाहेर काढा. जेवणाआधी एकदा बोट टोचा, पहिल्या घासानंतर दोन तासांनी पुन्हा. बहुतेक प्रौढांना १८० च्या आत राहायला सांगतात. तुमचा आकडा डॉक्टरांना विचारा. एके दिवशी नुसता भात खाऊन बघा. दुसऱ्या दिवशी भात तेवढाच, पण आधी भाजी आणि अंडं किंवा कडधान्य, भात शेवटी. तिसऱ्या दिवशी जेवून उठल्यावर पंधरा मिनिटं चाला. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतात. तिन्ही दिवसांचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. वही तुमच्याबद्दल बोलते, तक्ता सरासरी माणसाबद्दल.

एक मात्र ध्यानात असू द्या. इन्सुलिन किंवा स्वादुपिंडाला जोर लावणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मनाने जेवण गाळू नका. साखर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरले, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे, लगेच पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तेव्हा साखर हेच औषध.

आणि सकाळच्या आकड्यावरून रात्रीच्या जेवणाला दोष देण्याआधी यकृताची आठवण ठेवा. पहाटे तेही आपल्या साठ्यातलं ग्लुकोज रक्तात सोडत असतं, तुम्ही काहीही न खाता.

नमस्कार.