इंग्रजी धावते, मराठी चालते

नमस्कार मंडळी. आज माझ्यासमोर रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेल्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा आहे, धंद्याचं, बागकामाचं, फॅशनचं, क्रिकेटचं, एक कॉम्प्युटरचं पण, आणि गेले चार दिवस मी पेन्सिल घेऊन एकाच क्रियापदाच्या मागे लागलोय. रन. रन म्हणजे धावणे, शाळेत घोकलेलं. पण गंमत अशी की क्रिकेट सोडलं तर या अख्ख्या गठ्ठ्यात पायाने धावणारं जवळपास कुणी सापडलंच नाही!

धंद्याच्या मासिकात एक बाई बेकरी रन करतात. आता ही बेकरी मराठीत आणा बघू. धावडवणार का? आपण म्हणतो, बेकरी चालवतात. मग पुढे बघत गेलो. नाटक दोन वर्षं रन झालं, आपल्याकडे ते चालतं. मशीन रन होतं, चालतं. बस सकाळी सहापासून रन होते, तीही चालते. म्हणजे इंग्रजी माणूस जिथे पळत सुटतो तिथे आपण निवांत चालतोय, आणि कामं दोघांची होतातच की.

सगळीकडे मात्र चालून भागत नाही हं. बागेच्या पानावर पालक रन टू सीड झालाय, आपली आजी म्हणेल फुलोऱ्यावर आला, आता भाजीचा उपयोग नाही. फॅशनचं मासिक अमेरिकन आहे, त्यात पायातला तलम मोजा रन होतो, म्हणजे एक टाका सुटला की धागा सरसर उसवत वर जातो, इंग्लंडात त्यालाच लॅडर म्हणतात, शिडी. नाक रन होतं ते वाहतं. नवीन कपड्याचा रंग रन होतो तो जातो, आणि जाताना पांढरा शर्ट गुलाबी करून जातो. 2021 च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन नावाचं जहाज रन अग्राउंड झालं आणि सहा दिवस तिथेच अडकलं. रन होऊन जागचं हललं नाही, याला काय म्हणायचं!

सगळ्यात भारी निवडणूक. अमेरिकेत उमेदवार रन करतो, ब्रिटनमध्ये स्टँड करतो, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो. हे मला माहीत नव्हतं तेव्हा, भाषांतराची नवी नवी कामं घेत होतो, एका लेखात मी बिनधास्त लिहिलं होतं की अमुक गृहस्थ गव्हर्नरपदासाठी धावत आहेत. संपादकांनी फोन करून एवढंच विचारलं, पोचले का हो ते?

हे सगळे अर्थ मोजले कुणी? तर मोजलेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर या एका क्रियापदाला नऊ महिने घेऊन बसले होते आणि 645 अर्थ निघाले, त्याच्या बातम्या 2011 मध्ये आल्या होत्या. त्याआधी सेट हा शब्द पुढे होता, 1989 च्या आवृत्तीत त्याचे 430. पण उगाच हबकून जाऊ नका, आपलं लागणे घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागतं, लग्नसुद्धा लागतं, आणि मीठ, ते कमी लागतं. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे एकदा समजावून बघा, तुम्हालाच घाम फुटेल.

आता एक शेवटचं. आपण धावणे इतकं जपून वापरतो ना, मग स्टेशनवर उभं राहून कान द्या. लोकल वीस मिनिटं सिग्नलला खिळलेली असते, लोक दारातून वाकून पुढे बघतायत, आणि वरून भोंग्यातून बाई शांतपणे सांगतात, गाड्या उशिराने धावत आहेत. हे सरळ रनिंग लेट आहे हो, रुळावरून इकडे आलेलं. ती घोषणा ऐकली की मला ते सुएझमधलं जहाज आठवतं.

नमस्कार.