रविवारी ऊन थांबत नाही
(वसईतल्या एका वाडीवर केलेल्या लघु माहितीपटाचं निवेदन)

[शनिवार दुपार. विहिरीवरचा पंप सुरू होतो. पाटाचं पाणी केळीच्या आळ्यांत शिरतं.]

शनिवारी वाडीला पोटभर पाणी द्यायचं. उद्याची भाजी आजच काढून घ्यायची, गवत आजच कापून ठेवायचं. नंदाखालच्या या कॅथलिक शेतकरी घरात शनिवार असा दुप्पट कामाचा असतो, कारण उद्या रविवार.

याला बायबलमध्ये फार जुना दाखला आहे. मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेले इस्राएली लोक रानात होते. रोज सकाळी त्यांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळे, त्या दिवसापुरताच. हावरटपणाने साठवला तर किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट वेचायची मुभा होती आणि तो सातव्या दिवशीही चांगला राही. तरी काही जण सातव्या दिवशी टोपल्या घेऊन गेलेच, आणि हात हलवत परत आले. दहा आज्ञा मिळायच्या आधीची ही गोष्ट. शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाची विश्रांती, शिकवला गेला तो असा, जेवणाच्या ताटावरून.

[राजेळी केळीचं लोंगर (घड) कोयत्याने उतरवलं जातं. पेंढ्यातून काढलेली पिकलेली केळी. सोलणारे हात, अगदी जवळून.]

ही राजेळी. जाडसर, लांब, साल कडक. हिचीच सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, होते. आधी केळं पेंढ्यात दडपून पिकवायचं. घाई केली तर आत कच्चट राहतं, उशीर झाला तर सोलताना हातातच येतं. साल अशी काढायची की गराला नख लागता कामा नये. मग मांडवावर एकेक केळं सुटं मांडायचं, एकाला दुसरं टेकवायचं नाही. दिवसभर ऊन. मधे एकदा सगळी पालथी घालायची. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. असं दिवसामागून दिवस. हळूहळू पांढरट गर मधाच्या रंगाचा होतो, आक्रसतो, चिवट होतो, आणि बोटांना साखर चिकटायला लागते. शेवटी केळीच्याच वाळक्या पानांत घट्ट गुंडाळायची. कागद नको, प्लास्टिक नको.

या पूर्ण कामात कुठेही रविवार बसत नाही. केळी उन्हात घातली की मधला एक दिवस गाळता येत नाही. गाळला तर बुरशी.

[मांडव. लाल लुगड्यातली बाई केळी पालथी घालते. मागे चर्चची घंटा.]

हा पेच नवा नाही. इसवी सन ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या सुट्टीचा कायदा केला. न्यायालयं बंद, शहरं बंद, कारागिरांच्या कार्यशाळा बंद. शेतकऱ्याला मात्र त्याने मोकळीक दिली. पेरणीची, द्राक्षाच्या लागवडीची वेळ एकदा टळली की हातची जाते, हे कारण कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे रविवारचा पहिला सरकारी हुकूम निघाला तेव्हाच वाडी त्यातून सुटलेली होती. तरीही वाडीने रविवार पाळला, आपल्या रीतीने. इथे रविवारी लोंगर उतरत नाही, सोलणं नाही, बांधणं नाही, विक्री नाही. मांडणं, पालथं घालणं आणि झाकणं, एवढंच. गाईला चारा-पाणी अर्थातच.

येशूला लोकांनी याच मुद्द्यावर कोंडीत पकडायचा प्रयत्न केला होता. त्याने उलट विचारलं, तुमच्यापैकी कोणाचा बैल शब्बाथाच्या दिवशी विहिरीत पडला, तर तुम्ही त्याला लगेच वर काढणार नाही का? विहिरींच्या या मुलुखात हा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे त्याचंच म्हणणं.

[रविवार सकाळ. चर्चचं आवार, उभ्या केलेल्या स्कूटरी, गायकवृंद. हे दृश्य थोडं लांबू द्यावं.]

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. राज्यं बदलली, घंटा राहिल्या. १९६० च्या दशकातल्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागे पडली आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली. आज इथली आजी आणि नातू एकच प्रार्थना एकाच भाषेत म्हणतात.

ज्यू शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, आठवड्याच्या अखेरीला. ख्रिस्ती रविवार आठवड्याच्या तोंडाशी, कारण येशूचं पुनरुत्थान झालं ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी. सहा दिवस राबून मिळवलेला आराम वेगळा आणि काम सुरू व्हायच्या आधीच हातावर ठेवलेला आराम वेगळा. आम्हाला तरी ख्रिस्ती रविवारचं मर्म इथे दिसतं. मे १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा धर्मप्रांत झाला. त्याच महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रभूच्या दिवसावरचं, म्हणजे रविवारावरचं, आपलं पत्र जगभरच्या ख्रिस्तसभेला पाठवलं.

[वाचनमंचावरचं उघडं बायबल. वाचणाऱ्या मुलीचं बोट ओळीवर.]

तिसऱ्या, म्हणजे शब्बाथ पाळण्याच्या आज्ञेतला एक भाग आपण नेहमी भरभर वाचून टाकतो. कोणी काम करायचं नाही? तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. कारणही दिलं आहे: तू स्वतः मिसरात दास होतास, हे विसरू नकोस. मालकाला कधीही टेकता येतं. ही आज्ञा मालकाला दिली आहे, पण ती आहे ज्याला मालकाने थांबवल्याशिवाय थांबता येत नाही त्याच्यासाठी.

[जुनं छायाचित्र: मुंबईची गिरणी, भोंगा.]

महाराष्ट्रातल्या बहुतेकांचा रविवार चर्चमधून आलेला नाहीच. तो गिरणगावातून आला. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडून तो मिळवला, १० जून १८९० रोजी. रविवार हा खंडोबाचाही वार, याची आठवण त्यांनी करून दिली होती. देव वेगळा, मागणी तीच.

[धावत्या गाडीतून: समुद्राकडे जाणारा रस्ता, रिसॉर्टच्या पाट्या.]

अर्नाळा-राजोडीकडच्या रिसॉर्टमध्ये मात्र रविवार सर्वांत जड, वाडीतल्या मजुराला रविवारची सुट्टी आहे पण त्या दिवसाचा रोज नाही, आणि या घरातला धाकटा मुलगा आज अंधेरीला शिफ्टवर आहे.

[ओटा. पत्ते. स्वयंपाकघरातून येणारे आवाज.]

चर्चच्या कायद्यात रविवारी काय टाळायचं तेही सांगितलं आहे: उपासनेच्या आड येणारं काम, त्या दिवसाच्या आनंदाच्या आड येणारं काम आणि मनाला-शरीराला हव्या असलेल्या विश्रांतीच्या आड येणारं काम. आनंदाचा उल्लेख कायद्याच्या पुस्तकात सापडावा, याचं नवल वाटतं. या पत्त्यांच्या डावावर आम्ही निवेदन ठेवलेलं नाही. मूळ आवाज ऐकावा.

[डाव संपेपर्यंत निवेदन नाही. मग चर्चच्या सभागृहाचं दार, खुर्च्या मांडणारी मुलं.]

धर्मगुरूंचा रविवार मात्र असा जात नाही. पहाटेपासून मिस्सा, मग धर्मशिक्षणाचे वर्ग, मग आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद. मंदिरातले याजक शब्बाथाच्या दिवशी काम करूनही निर्दोष ठरतात, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच म्हणतो. त्या आधारावर तीन वाजता धर्मग्राम (पॅरिश) परिषदेची बैठक आहे.