गाडी उठली की निघू

(पहाटेचा अंधार. सेल्फचा आवाज. मागचं चाक, अगदी जवळून.)

थांबा थांबा, लगेच निघायचं नाहीये. इंजिन चालू झालंय पण गाडी अजून झोपेतच आहे. मागच्या चाकाकडे बघा, अर्धं चाक बॉडीच्या आत गेलेलं दिसतंय ना, आता ते हळूहळू बाहेर येईल. आलं. उंट कसा उठतो, आधी मागून आणि मग पुढून, तशीच आमची ही उठते, आणि रोज सकाळी हा सोहळा होतोच, मग मला ऑफिसला उशीर झालेला असो नाहीतर नसो. डॅशबोर्डवर एक मोठा लाल दिवा असतो, त्यावर सरळ ‘स्टॉप’ लिहिलंय. तो विझेपर्यंत हलायचं नाही, कारण तो विझला नाही म्हणजे सिस्टिममध्ये तेलाचं प्रेशर नाही, आणि प्रेशर नाही म्हणजे ब्रेकचा भरवसा नाही.

तर ही सिट्रोएन या फ्रेंच कंपनीची सीएक्स. १९७४ साली आली आणि १९७५ ची युरोपियन कार ऑफ द इयर झाली. डिझाइन रॉबर्ट ओप्रोन यांचं. नाव कुठून आलं म्हणाल तर गाडीला हवा किती अडवते हे सांगणारा जो आकडा असतो ना, त्याला फ्रेंचमध्ये सीएक्सच म्हणतात, म्हणजे यांनी सरळ आकड्याचंच नाव गाडीला देऊन टाकलं. आता कुणी म्हणेल काय हा माज. पण बाजूने एकदा बघा, मागे सुरेख उतरत गेलेली लाइन, आतल्या बाजूला वळलेली मागची काच, पुढे एकच लांबलचक वायपर. आणि दिसते हॅचबॅकसारखी पण हॅचबॅक नाहीये हं, डिकीचं झाकण वेगळं आणि छोटंसं उघडतं. बघायला आलेला प्रत्येक जण आधी काच उचलायला जातो. प्रत्येक जण.

ही गाडी मी रोज वापरतो. रोज म्हणजे अक्षरशः रोज, पावसात, ट्रॅफिकमध्ये, किराणा आणायला, पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला. आणि सगळ्यांचं एकच म्हणणं असतं, अरे ही रविवारची गाडी, कव्हर घालून ठेव, महिन्यातून एकदा काढ, पूस आणि परत ठेवून दे. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ही गाडी ठेवून दिली की बिघडते. का ते सांगतो, पण त्यासाठी जरा खाली वाकावं लागेल.

(चाकामागचा लोखंडी गोळा. टॉर्चचा उजेड.)

हा गोळा दिसतोय? याला स्फिअर म्हणतात. प्रत्येक चाकाला असा एक. साध्या गाडीत जिथे स्प्रिंग असते तिथे हिच्यात हा आहे. गोळ्याच्या आत मधोमध रबराचा पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन गॅस कोंबून भरलेला आणि दुसऱ्या बाजूला तेल. चाक खड्ड्यात गेलं की तेल ढकललं जातं, तेल पडद्याला ढकलतं, आणि गॅस दबून परत फुगतो. बस एवढंच. म्हणजे आपण जे बसलेलो असतो ते खरं तर गॅसवर बसलेलो असतो. आणि तेल किती ठेवायचं हे गाडी स्वतः ठरवते, मागे चार पोती टाका, आधी मागचा भाग दबेल, मग दोन क्षण विचार केल्यासारखं करेल आणि आपोआप परत लेव्हलला येईल. आमच्या घरी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा आई म्हणाली, अगं बाई, ही तर श्वास घेते.

ही कल्पना सीएक्सची नाही बरं का. पॉल माजेस नावाचा सिट्रोएनमधला माणूस, त्याच्या डोक्यातून निघालेली. १९५४ ला आधी सिट्रोएनच्याच जुन्या ट्रॅक्शन अव्हाँ गाडीच्या फक्त मागच्या चाकांना लावून बघितली, आणि १९५५ ला त्यांची डीएस नावाची गाडी आली तिला चारही चाकांना. पुढे रोल्स रॉइसनेसुद्धा १९६५ च्या सिल्व्हर शॅडोसाठी सिट्रोएनकडूनच लायसन्स घेतलं, आता बोला.

बरं, मुद्द्यावर येतो. एकच पंप, एकच तेल, आणि त्यावर सस्पेन्शन, ब्रेक, माझ्या गाडीत स्टिअरिंगसुद्धा. एवढं सगळं तेलावर चाललंय म्हटल्यावर सील आले, रबरी नळ्या आल्या, व्हॉल्व्ह आले, आणि हे सगळं तेलात भिजलेलं आणि हलतं राहिलं तरच धडधाकट राहतं. सहा महिने गाडी उभी ठेवा, सील सुकतात, व्हॉल्व्ह चिकटतात, ब्रेक धरून बसतात, तळाशी ओल धरून गंज लागतो तो वेगळाच, आणि मग चालू केल्यावर इथून गळतंय तिथून गळतंय. मग लोक म्हणतात बघ, सांगितलं होतं ना फ्रेंच गाडी म्हणजे डोकेदुखी. अरे पण तू तिला हलवलंच नाहीस!

रोज चालवण्याचा दुसरा फायदा म्हणजे कानाला सवय लागते. इंजिन आयडलवर असताना मधेच एक ‘टिक’ ऐकू येतो. ऐका.

(शांतता. टिक.)

हा प्रेशर रेग्युलेटर. प्रेशर भरलं की पंपाला सांगतो, बस झालं, आणि कमी झालं की परत भर म्हणतो. मी सिग्नलला उभा असलो की मनातल्या मनात मोजतो, एक, दोन, तीन... मधे चांगलं अंतर असेल तर सगळं ठीक. दोन-तीन सेकंदांवर टिकटिक यायला लागली की समजायचं, प्रेशर साठवून ठेवणारा मुख्य गोळा संपला. गॅस पडद्यातून हळूहळू निसटतोच, त्याला काही इलाज नाही, ते टायर झिजण्यासारखंच आहे. चाकांचे गोळे संपले की वेगळंच होतं, गाडी एके दिवशी बैलगाडी होते, आणि ते इतकं हळू होतं की आपल्याला कळतच नाही, शेजारी बसलेला सांगतो तेव्हा कळतं. बदलायला मात्र सोपं, प्रेशर सोडायचं आणि ऑइल फिल्टरसारखा गोळा फिरवून काढायचा. सोपं म्हणजे तो गंजून जाम झालेला नसेल तर. झाला असेल तर तुम्ही, पट्ट्याचा पाना आणि तुमच्या तोंडचे शब्द.

आणि तेल हिरवंच. एलएचएम म्हणतात त्याला. एकदा प्रवासात लेव्हल जरा कमी वाटली म्हणून एका गॅरेजमध्ये थांबलो, तिथला पोरगा साधं ब्रेक ऑइल घेऊन झाकण उघडून ओतायच्या बेतात, मी हातातला चहा टाकून धावलो. साधं ब्रेक ऑइल गेलं असतं तर पंपापासून सगळे सील फुगून वाया गेले असते. तेव्हापासून डिकीत हिरव्या तेलाचा डबा कायम, आणि झाकणावर मी मार्करने लिहून ठेवलंय, ‘फक्त हिरवं. विचारा.’

आता चालवण्याबद्दल. ब्रेकचं पेडल जवळजवळ दबतच नाही, पायाच्या वजनाने काम होतं. मित्राला पहिल्यांदा चालवायला दिली, त्याने सवयीने पाय दिला आणि मागे बसलेली त्याची बायको पुढच्या सीटच्या पाठीवर. स्टिअरिंगची तर कथाच वेगळी. डिराव्ही म्हणतात त्याला, सिट्रोएनच्याच १९७० च्या एसएम गाडीपासून आलेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त अडीच फेरे. रस्त्याचं काहीही हाताला कळत नाही, वेग वाढला की आपोआप जड होतं, आणि इंजिन चालू असेल तर उभ्या गाडीत फिरवून सोडून द्या, स्वतःच सरळ होऊन बसतं. नवीन माणूस पहिली दहा मिनिटं दारू प्यायल्यासारखी गाडी चालवतो. मीही चालवली. आठवड्याने हात शहाणे होतात, दोन बोटांनी वळवायचं, ओढायचं नाही, आणि शिंक आली तर हात आधी सैल सोडायचे.

वेग दाखवायला काटा नाही, वजनकाट्यासारखा आकड्यांचा ड्रम फिरतो आणि भिंगातून दिसतो. इंडिकेटर वळण संपल्यावर स्वतःहून बंद होत नाही, तो मी अजूनही विसरतो, मागचे लोक काय म्हणत असतील ते असो.

खरी गंमत पुढे होते. दुसऱ्याची साधी गाडी घेतली की मीच अडाणी. ब्रेकवर पाय ठेवतो, काही होतच नाही, आणि पोटात गोळा. स्टिअरिंग सोडतो आणि सरळ व्हायची वाट बघत बसतो. भावाच्या नव्या गाडीत स्पीडब्रेकर आला तर माझा हात आपोआप सीटच्या बाजूला, माझ्या गाडीत असतो तो गाडी वर उचलायचा उंचीचा दांडा शोधायला गेला. तो म्हणाला, काय शोधतोयस? काय सांगणार.

(संध्याकाळ. गाडी पार्किंगमध्ये शिरते.)

आता शेवटचं काम, आणि हे मी माझ्या मूर्खपणातून शिकलोय. पहिल्या महिन्यात मी ऐटीत गाडी लावली, नाक फुटपाथच्या कडेवर, खाली बोटभर जागा, मला वाटलं बसली की बरोबर. इंजिन बंद, मी वर, जेवलो, झोपलो. गाडी रात्रभर हळूहळू खाली बसत गेली, तिचा तो स्वभावच आहे, आणि सकाळी बघतो तर पुढचा बंपर फुटपाथवर टेकलेला आणि खालची पट्टी चेपलेली. चूक गाडीची नव्हती, ती तर रोजच बसते.

म्हणून आता गाडी लावली की आधी उतरून पायाने नाकाखाली चाचपडतो. दगड नाही ना, वीट नाही ना, मांजर तर हमखास असतं, त्याला हाकलतो. मग परत आत बसतो, एक टिक ऐकतो, आणि किल्ली फिरवतो.

(इंजिन बंद. चाक हळूहळू बॉडीच्या आत जातं. मांजर बॉनेटवर येऊन बसतं.)