अर्धा मिनिट पुढं

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, आणि भाषण लांबलं तर गोड मानून घ्या.

पंधरा दिवसांमागं आपल्या मंडळाच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला, म्हणले ग्लासगोच्या कॉमनवेल्थ गेम्स येतायत, तुला खेळातलं कळतं, दहा मिनिटं बोल. आता मला कळतं म्हणजे काय, तर मागच्या गेम्सना, २०२२ ला, मी बर्मिंगहॅममधी पेरी बारच्या अलेक्झांडर स्टेडियमला तिकीट काढून बसलो होतो आणि गालावर तिरंगा काढलेला फोटो आपल्या ग्रुपवर टाकला होता, एवढंच माझं क्वालिफिकेशन. मी चार वर्षांतून एकदा उगवणारा फॅन आहे. ऑलिंपिक आलं की पंधरा दिवस मी तिरंदाजीचा, जुडोचा आणि घोड्यांच्या उड्यांचासुद्धा एक्स्पर्ट असतो, सोळाव्या दिवशी परत आयपीएलच्या गप्पा.

तर मी मूळचा आष्टी तालुक्यातला, जिल्हा बीड. आमच्याकडं बीड म्हणलं की लोकांना दुष्काळ आणि ऊसतोड आठवते, आणि गेल्या वर्षी-दीड वर्षात तर टीव्हीवर जे काही दाखवलं त्यावरून इथल्या नागपूरच्या मित्रानं मला सिरियसली विचारलं की तुझ्या घरचे ठीक आहेत ना. आहेत बाबा, मजेत आहेत, या वर्षी बोअरला पाणी पण आहे. पण ह्याच आष्टी तालुक्यात मांडवा नावाचं गाव आहे आणि तिथला अविनाश साबळे बर्मिंगहॅमला, इथनं अर्ध्या तासावर, धावायला येणार म्हणल्यावर मी तिकीट काढणार नाही तर काय करणार. मांडवा आणि आमचं गाव तसं लांब पडतं, पण परदेशात तालुका एक म्हणजे भाऊबंदच.

शनिवार होता, ६ ऑगस्ट. ३००० मीटर स्टीपलचेस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे मला पण दोन दिवस आधीच यूट्यूबवर कळलं होतं, ह्यात साडेसात लॅपमधी २८ वेळा अडथळा ओलांडायचा आणि ७ वेळा अडथळ्याच्या पुढं पाणी असतं त्याच्यातनं जायचं. तो अडथळा हर्डलसारखा पाय लागला की पडणारा नसतो, चांगलं जाडजूड लाकूड, पाय लागला तर माणूस पडतो. आमचे अण्णा त्या पाण्याला हौद म्हणतात. अण्णा गावात हॉटेलवर बसलेले, म्हणजे चहाचं हॉटेल, तिकडं दुपार सरून चाललेली, एका पोराचा मोबाईल बरणीला टेकवून पंधरा-वीस माणसं त्याच्यात डोकं घालून, आणि मी स्टेडियममधनं अण्णांना व्हॉट्सॲपवर कॉल लावून ठेवलेला, फोन कानाला आणि डोळे ट्रॅकवर.

आता गंमत बघा. फोन लगेच पोचतो, पण त्यांच्या मोबाईलवरचं चित्र अर्धा मिनिट मागं. मी म्हणायलोय "अण्णा, काढला, एकाला काढला" आणि अण्णा म्हणायलेत "काय काढला, अजून हौदापाशीच आलंय की." मी म्हणलं तुमचं मागं आहे. अण्णा म्हणले मागं कसं काय, लाईव्ह लिहिलंय हितं.

घंटी वाजली, शेवटचा लॅप. पुढं केनियाची पोरं. ह्या शर्यतीत कॉमनवेल्थला १९९४ नंतर केनियाबाहेरच्या माणसाला एक मेडल मिळालेलं नव्हतं, सोनं-चांदी-ब्राँझ तिन्ही त्यांचंच, घरच्या लग्नात जेवायला बसल्यासारखं. त्यात रिओचा ऑलिंपिक चॅम्पियन किप्रुटो पण होता. आणि आपला आष्टीचा गडी त्यांना एकेक करून मागं टाकायला लागला, शेवटी पुढं राहिला एकटा अब्राहम किबिवोट, आणि शेवटच्या सरळ पट्टीत साबळे त्याच्या खांद्याला येऊन भिडला, मी खुर्चीवर उभा, माझ्या मागची गोरी म्हातारी मला सिट डाऊन म्हणते आणि स्वतःच उभी राहते, आणि दोघं लाईनवर एकदमच गेले असं वाटलं.

एकदम नाही. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंद. आठ मिनिटं पळून, पस्तीस उड्या मारून, पाच शतांश.

आणि फोनमधनं अण्णांचा आवाज, मागं वीस माणसांचा गलका, "आला, आला, तिसरा झाला, आता बघा..." त्यांच्याकडं रेस अजून चालू होती. त्यांच्याकडं अजून सोनं शिल्लक होतं. मला काय बोलावं कळेना. बोर्डावर नाव लागलेलं मला दिसायलंय आणि तिकडं हॉटेलवर कुणीतरी बाकडं बडवायलंय. मी गप्प बसलो. आयुष्यात एवढा लांब अर्धा मिनिट मी बघितला नाही, लेबर रूमच्या बाहेर सुद्धा नाही. मग तिकडनं मोठा आवाज झाला, मग कमी झाला, मग परत मोठा झाला, कारण कुणाला तरी उमगलं की केनियाच्या घोळक्यात आपलं पोरगं दुसरं आलंय आणि ते पण नवीन नॅशनल रेकॉर्ड करून.

(त्याच वर्षी सप्टेंबरात आष्टीला पहिल्यांदा रेल्वे आली. किती पिढ्या मागत होत्या विचारू नका. मेडल रेल्वेच्या दीड महिना आधी पोचलं.)

त्या दिवसापासनं माझं बघणंच बिघडलं म्हणा. आधी मी सरळ मेडलं मोजायचो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला आपल्याला ६ मेडलं, एक चांदी, पाच ब्राँझ, टेबलवर ७१ वा नंबर. भालाफेकवाल्या अर्शद नदीमच्या एका सोन्यावर पाकिस्तान ६२ वा, आणि माझ्या शेजारच्या डेस्कवर लाहोरचा गडी बसतो, त्यानं दोन आठवडे मला चहा पाजला, रोज, मुद्दाम, हसत हसत. डॉमिनिका नावाचा देश आहे, वस्ती साधारण आपल्या अंबाजोगाई शहराएवढी, त्यांच्या पोरीनं तिहेरी उडीत सोनं नेलं. मग आपण सगळे व्हॉट्सॲपवर लिहितो, १४० कोटी आणि सहा मेडलं, लाज वाटते. मी पण लिहिलंय, स्क्रीनशॉट कुणाकडं असेल तर डिलिट करा.

पण त्याच पॅरिसला आपण सहा ठिकाणी चौथे आलो. सहा. वेटलिफ्टिंगमधी मीराबाई चानू एका किलोनं हुकली. आणि विनेश फोगाटचं तर सगळ्यांना माहितीये, फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि सगळंच गेलं. त्यावर अण्णा काय भडकले म्हणता. आता आमचे अण्णा म्हणजे मोंढ्यात सोयाबीन घातलं की क्विंटलमागं किलो-दोन किलो कडता कापतात तो मुकाट्यानं सोडून देणारा माणूस, म्हणतात जाऊ दे, व्यापाऱ्याला पण पोटंय. चाळीस वर्षांत कडत्यावर कधी भांडले नाहीत. ते म्हणले, "शंभर ग्रॅम? शंभर ग्रॅम म्हंजे वाटीभर शेंगदाणे. हितं पोत्याला कुणी हिशोब धरीना." मी नियम समजावून सांगितला, कुस्तीत दोन्ही दिवशी वजन भरावं लागतं वगैरे. अण्णांना नियम पटला, राग गेला नाही. मला वाटतं बरोबर आहे, माझं पण तसंच आहे.

बर्मिंगहॅमलाच सांगलीचा संकेत सरगर, पानटपरीवाल्याचं पोरगं, भारताचं पहिलं मेडल त्याचं, २४८ किलो उचलले आणि सोनं २४९ ला गेलं. पी. टी. उषा १९८४ ला लॉस एंजेलिसला एक शतांश सेकंदानं चौथी. म्हणजे आपण हरतो हे खरंय, पण किती वेळा केवढ्याशानं हरतो हे टेबलमधी कुठं येत नाही. टेबलमधी चौथा आणि चाळिसावा दोघांची किंमत एकच, भोपळा.

साबळे पॅरिसला फायनलला गेला, पुरुषांच्या स्टीपलचेसला ऑलिंपिक फायनल गाठणारा पहिला भारतीय, आणि ११ वा आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सांगितलं आमच्या तालुक्यातला पोरगा जगात अकरावा आला, तर सगळे ओह नाइस म्हणले आणि कामाला लागले. मी तिथल्या तिथं हिशोब मांडला की माझ्या कामात मी जगात कितवा असेन. नको तो विषय, मॅनेजर पण मंडळाचे मेंबर आहेत.

आता आमच्या भागात पोरं पळतात कशासाठी ते सांगतो, कारण इथं वाढलेल्या मुलांना ते माहीत नसतं. आमच्याकडं पळणं हा खेळ नाही, भरती आहे. पहाटे पाचला तुम्ही बीड-नगर रोडला कुठंही उभे राहा, पोरं पळताना दिसतील, हल्ली पोरी पण, कॅनव्हासचे बूट, एकाच्या हातात मोबाईल स्टॉपवॉच लावून. पोलीस भरती नाहीतर आर्मी. मी पण पळालो, दोन वर्षं. आमच्या टायमाला पोलीसला पाच किलोमीटर होतं. ग्राउंडच्या दिवशी आदल्या रात्री आम्ही स्टँडवर झोपलो, सकाळी दोन केळी खाल्ली आणि साडेतीन किलोमीटरला माझ्या पोटात अशी कळ आली की मी बसलोच. माझ्यासोबतचा एक जण लागला, आज तो फौजदार आहे, आणि मी पॉलिटेक्निक करून पुणे करून हितं. तर साबळे पण बारावी झाली की आर्मीत गेला, महार रेजिमेंट, सियाचिनला ड्युटी केली. शर्यतीत नीट उतरला तो २०१५ च्या पुढं, युनिटकडनं क्रॉसकंट्री पळता पळता. स्वप्नील कुसाळे, पॅरिसचा ब्राँझवाला, तेव्हा रेल्वेत टीसी होता. म्हणजे आपल्याकडं आधी नोकरी, मग खुराक, मग खेळ, आणि हे सगळं जुळून आलं तर मेडल. मला कधी कधी वाटतं, त्या रोडवर अजून किती साबळे पळाले असतील आणि भरती झाली नाही म्हणून पुढच्या सोमवारी ट्रॅक्टरवर बसून ऊसतोडीला गेले असतील. वाटतं आणि मग मी चॅनल बदलतो, खोटं कशाला बोलू.

आमच्या घरी अजून एक पार्टी आहे. आमची मिसेस धाराशिवची, शाळेत खो-खो खेळलेली, आणि आमच्या गुडघ्यांची परिस्थिती बघता घरात खेळाडू म्हणायचं तर तीच. तिचं म्हणणं, तुम्ही बीडवाले एका साबळेवर किती दिवस काढणार, आमच्या सारिका काळेला खो-खोत अर्जुन अवॉर्ड मिळालं ते भाषणात घ्या. घेतलं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या पोरींनी फायनलला नेपाळला ७८-४० हरवलं, कॅप्टन प्रियांका इंगळे, आणि ती मूळ बीड जिल्ह्यातली हे मी आमच्या मिसेसला तीनदा सांगितलं. ती किचनमधनं मॅच बघायली होती, मधीच म्हणली, "तीन मिनटाच्या वर आउट नाही झाली की हे ड्रीम रन म्हणायलेत. आम्ही नुसतं 'लई पळली' म्हणायचो." आणि मग भाकरी करपली.

आणि एक चूक कबूल करतो. पॅरिसच्या पॅरालिंपिकला आपली २९ मेडलं आली, सात सोन्याची. ओपनिंगला सुमित अंतिलसोबत झेंडा धरून चालली ती भाग्यश्री जाधव, नांदेड जिल्ह्यातली, गोळाफेकवाली. मी त्यातलं काहीही लाईव्ह बघितलं नाही. तोपर्यंत माझे पंधरा दिवस संपले होते ना.

बरं, आता ग्लासगो. २३ जुलै ते २ ऑगस्ट २०२६. ह्या वेळी फक्त १० खेळ ठेवलेत, कुस्ती नाही, हॉकी नाही, बॅडमिंटन नाही, शूटिंग नाही. बर्मिंगहॅमला आपली ६१ मेडलं होती, त्यातली १२ एकट्या कुस्तीची. २०१८ ला गोल्ड कोस्टला पाटोद्याच्या राहुल आवारेनं सोनं घेतलं ते पण कुस्तीतच. तेव्हा आकडा खाली येणार, ऑगस्टमधी ग्रुपवर लाज वाटते लिहिण्याआधी एवढं लक्षात ठेवा. अण्णांना सांगितलं तर म्हणले, कुस्ती नाही मग जत्रा कशाची. साबळेचं पण सांगता येत नाही, २०२५ च्या जुलैत मोनॅकोला असल्याच हौदात पडून गुडघा दुखावून घेतला बिचाऱ्यानं.

तरी मी जाणार आहे. दिवाळीला गावाकडं गेलो होतो तेव्हा अण्णांना म्हणलं, त्या दिवशी मला आधीच कळलं होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही, तुमचा अर्धा मिनिट कशाला खराब करायचा. अण्णा सुपारी कातरत होते, वर न बघता म्हणले, "तू गप झाला तवाच कळलं होतं आमाला. एरवी कधी गप बसतो तू."

मग मी म्हणलं तुम्ही तर बाकडं बडवत होता. म्हणले, "मग काय झालं. पळायलाच होता ना तो अजून."

तर मिनीबस करायचा विचार आहे, सतरा सीट, सकाळी सहाला निघायचं, धपाटे आमच्याकडनं, शेंगदाण्याची चटणी पण. पैसे आधी घेणार, मागच्या पिकनिकचे अजून तिघांकडनं यायचेत आणि ते तिघं आता पहिल्याच रांगेत बसून हसायलेत. नावं बाहेर हळदीकुंकवाच्या टेबलाशेजारी वहीत लिहा.