उतारावरचा गिअर

खोपोलीहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने बोरघाट चढू लागले की वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटातून जाण्याची वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या एका धनगराने दाखवली, अशी लोककथा आहे, आणि आजही येथून जाणारे कित्येक चालक धावत्या गाडीच्या खिडकीतून देवळाकडे नाणे टाकतात. पक्का परवाना नुकताच हाती आलेल्या चालकाने मात्र नमस्कार मनातल्या मनात करावा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत.

शिकाऊ परवाना मिळाल्यानंतर किमान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तेवढ्या काळात क्लच, वळण, मागे घेणे हे सारे अंगवळणी पडते. पण शहरातल्या सपाट रस्त्यावर शिकलेल्या माणसाला किलोमीटरच्या किलोमीटर चालणारा उतार भेटतो तो थेट पहिल्या सहलीत. चढ फारसा दगा देत नाही, कारण जोर कमी पडला की गाडी स्वतःच तसे सांगते. उतार काही सांगत नाही.

खंडाळ्याहून खोपोलीकडे येताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली उतरते. माणसे आणि सामान धरून दीड टन वजनाच्या गाडीचा वेग या उतारावर केवळ ब्रेकने आवरायचा म्हटले, तर ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता वीस लिटर पाण्याला उकळी आणण्यास पुरेल एवढी असते. तापलेल्या ब्रेकची पकड कमी होत जाते, जळका वास येऊ लागतो, आणि त्यातील द्रव उकळला तर पायाखालचे पेडल नुसतेच खाली जाते. म्हणूनच जुने ट्रकचालक शिकाऊ पोरांना सांगतात, की ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ब्रेक वळणाच्या अलीकडे, थोडा वेळ दाबून सोडून द्यायचा असतो. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर निवडण्याची सोय बहुधा असते, फक्त ती कुठे आहे हे घाटाआधी पाहून ठेवावे.

पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा तर निव्वळ गैरसमज आहे. इंधन इंजेक्शनच्या आजच्या गाड्यांत, गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनपुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते. काही जण इंजिनच बंद करतात, आणि मग दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो.

भोर आणि महाड यांना जोडणाऱ्या वरंधा घाटासारख्या अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, असे मोटार वाहन चालन विनियम, २०१७ सांगतात. यामागे सौजन्यापेक्षा व्यवहार अधिक आहे, कारण भरलेली गाडी चढावर थांबली की तिला पुन्हा उठवणे कठीण जाते. पलीकडचे दिसत नसलेल्या वळणावर ओव्हरटेक करू नये, आपली बाजू सोडू नये आणि वळणाआधी हॉर्न द्यावा. पावसाळ्यात धुके उतरले, की दिवे लोअर बीमवरच ठेवावेत. अपर बीमचा प्रकाश धुक्यावरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

ब्रेकचा वास आलाच, तर वळणापासून दूर, रस्त्याबाहेरच्या मोकळ्या जागेत थांबून ते आपोआप निवू द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये. तोंड उताराकडे असेल, तर गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवून पुढची चाके डोंगराच्या बाजूला वळवावीत आणि टायरला दगड लावावा. निघताना तो दगड उचलून रस्त्याच्या कडेला टाकावा, कारण घाटात असे विसरलेले दगड जागोजागी पडलेले असतात आणि रात्री ते दुचाकीस्वाराला अगदी जवळ आल्यावरच दिसतात.