खड्ड्याच्या काठावरची माणसं

मंडळी, रोमन म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातली, ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आठवेल. ती काचेआड असते. मी बोलणार आहे ते वस्तू काचेआड जाण्याआधीच्या कामाबद्दल. ते काम लोकांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते विंडोलांडाला दोन आठवडे स्वयंसेवक म्हणून खणताना पक्कं झालं.

विंडोलांडा हे उत्तर इंग्लंडमधलं रोमन लष्करी ठाणं. रोमन सम्राट हेड्रियनने सीमेवरची ती लांबलचक भिंत इ.स. 122 मध्ये बांधायला घेतली, हे ठाणं त्याच्याही आधीचं. जुनी लाकडी छावणी पाडायची, वर मातीचा थर दाबायचा आणि त्यावर नवी उभारायची, असं वारंवार झालं. त्यामुळे खालच्या ओल्या थरांत हवाच पोचली नाही, आणि चामडं, लाकूड कुजायचं राहून गेलं.

त्या थरात थापी घातली की आधी वास येतो, साचलेल्या पाण्याचा. जमिनीवर अंथरलेलं नेचं उलगडतं तेव्हा ते हिरवं असतं, अगदी काल कापल्यासारखं. बघता बघता ते काळं पडतं. हे मी पाहिलं, आणि माझ्याबरोबर दोरीपलीकडे उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलीनेही पाहिलं. तिला कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. हवा लागली की काय होतं, ते तिच्यासमोरच घडलं होतं.

तिथे हजारो पादत्राणं निघाली आहेत. चामड्याचा जोडा वर आला की आपल्याला तो पुसून, वाळवून ठेवावासा वाटतो. तेच करायचं नाही. वाळला की तो आक्रसतो, तडकतो. त्याला ओलाच ठेवून प्रयोगशाळेत न्यायचा, हलक्या हाताने धुवायचा, मग पुढची प्रक्रिया. लाकडात तर शिरलेल्या पाण्याची जागा हळूहळू मेणासारख्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलने भरून काढतात. घाई केली तर वस्तू हातची जाते. हा संयम तयार वस्तू पाहून कळत नाही. म्हणून पिशवीतला चिखलाळ जोडाही लोकांना दाखवा, असं मी म्हणतो.

याच चिखलाने 1973 मध्ये तिथले पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांच्या हाती लाकडाच्या पातळ चकत्या दिल्या. आधी त्या रंध्याखाली निघणाऱ्या सालपटांसारख्या वाटल्या. उलगडल्या तर आत शाईची अक्षरं! तज्ज्ञाला दाखवेपर्यंत लाकूड काळं पडलं, अक्षरं दिसेनाशी झाली. मग न्यूकॅसलला अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्रं घेतली, तेव्हा लिखाण पुन्हा दिसलं. एका पत्रात मोजे आणि आतले कपडे पाठवल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्यात ऑक्टेव्हियस नावाचा माणूस पैशांची निकड सांगतो, आणि रस्ते खराब असल्यामुळे जनावरांना त्रास नको म्हणून कातडी आणायला गेलो नाही, असंही म्हणतो.

आणि क्लॉडिया सेव्हेराचं पत्र. साधारण इ.स. 100 चं. 11 सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, तू ये, असं एका रोमन अधिकाऱ्याच्या या बायकोने विंडोलांडाच्या प्रमुखाच्या बायकोला, सुल्पिसिया लेपिडिनाला, लिहिलं. मुख्य मजकूर लेखनिकाचा. शेवटच्या ओळी मात्र निराळ्या हाताच्या, बहुधा सेव्हेराच्याच, त्यात ती तिला बहीण म्हणते. हे मी सांगितलं की आमच्याकडच्या आज्यासुद्धा खुर्चीत पुढे सरकून बसतात.

विंडोलांडाचं काम 1970 साली स्थापन झालेली धर्मादाय संस्था चालवते. तिचा मोठा आधार तिकीट काढून येणारी माणसं. खणणाऱ्यांतही दरवर्षी शेकडो स्वयंसेवक असतात. काठावरून कुणी ‘काय सापडलं?’ विचारलं की थापी बाजूला ठेवून उत्तर द्यायचं, हा तिथला रिवाज. काम थोडं मंदावतं खरं. चालेल. त्या प्रश्नातूनच पुढचा स्वयंसेवक येतो, हे मी माझ्यावरून सांगतो.

आता घाई दुसऱ्या कारणाने आहे. जवळच्या मॅग्ना या रोमन ठाण्यात 2023 मध्ये पाच वर्षांचं उत्खनन सुरू झालं. बदलत्या हवामानात तिथली ओली जमीन सुकते आहे. जमीन सुकली की भेगांतून हवा आत जाते, आणि दोन हजार वर्षं टिकलेलं चामडं मातीतच सडू लागतं. 2025 मध्ये तिथून 30 सेंटिमीटरहून लांब जोडे निघाले. मातीतला ओलावा मोजायची उपकरणंही तिथे पुरली आहेत. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात, तर जोडे बघाच, पण खड्ड्यापाशी थांबून तिथल्या माणसांना ओलाव्याबद्दलही विचारा.